सक्शन शिकवताना पहिल्या दिवशी मी कॅथेटर हातात देतच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात १२ बेडच्या आयसीयूची नुकतीच इनचार्ज झालेली सिस्टर विचारतेय की हाताखाली सात नवीन स्टाफ आलेत, कोणी जीएनएम कोणी बीएस्सी, निम्मे तर वॉर्डातून उचलून आणलेले. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सक्शन करताना, म्हणजे श्वासाच्या ट्यूबमध्ये बारीक नळी (कॅथेटर) घालून कफ ओढताना, रक्तातलं ऑक्सिजन सॅच्युरेशन पडतं, एकदा हार्ट रेट ४० पर्यंत गेला, दोघातिघांच्या कफात रक्त दिसायला लागलंय, आणि वरून आदेश आलाय की एक तासाचं ट्रेनिंग घेऊन टाका आणि सह्या घ्या. तर ताई, त्या एका तासात नेमकं काय शिकवू?

स्पष्टच सांगते, एका तासात फक्त सह्या होतात. पण तास मिळालाच आहे तर तो लेक्चरमध्ये घालवू नकोस, बेडजवळ घे, आणि बाकीचं पुढचे दोन-तीन आठवडे ड्यूटीवरच थोडं थोडं कर. मी वीसेक वर्षं आयसीयूत आहे, आधी ठाण्यात मग नवी मुंबईत, आता निम्मा वेळ नवीन पोरांना शिकवण्यातच जातो, आणि माझं मत असं झालंय की सक्शनला हात चार दिवसांत बसतो, नजर बसायला मात्र महिने लागतात, आणि आपण शिकवतो फक्त हात. ग्लोव्ह असा घाला, कॅथेटर असं धरा, गोल फिरवत बाहेर काढा, झालं. कधी करायचं नाही हे कोणी सांगतच नाही.

म्हणून माझ्याकडे पहिल्या दिवशी कॅथेटर मिळत नाही. पेशंटच्या पायाशी उभं करते, हात मागे, दोन मिनिटं नुसतं बघायचं आणि सांगायचं की याला आत्ता सक्शन लागणार का आणि का. पहिलं उत्तर ठरलेलं, "मॅडम, दोन तास झाले ना." बरं, दोन तास झाले, पण पेशंटला काय झालंय? मग हळूहळू डोळे उघडतात. ट्यूबमध्ये कफ वरखाली होताना दिसतोय का, घरघर ऐकू येतेय का, स्टेथो गळ्यावर ट्रेकियाच्या जागी ठेवला तर खरखर लागते का, व्हेंटिलेटर व्हॉल्यूम मोडवर (दर श्वासाला ठरलेली हवा) असेल तर पीक प्रेशर सकाळपेक्षा चढलंय का, प्रेशर मोडवर (ठरलेलं प्रेशर) असेल तर टायडल व्हॉल्यूम, म्हणजे दर श्वासाला आत जाणारी हवा, घसरलाय का, आणि फ्लोच्या ग्राफला करवतीसारखे दात आलेत का. हे शेवटचं मुलांना फार आवडतं कारण स्क्रीनवर दिसतं. पण त्यातही गंमत आहे. मागच्या पावसाळ्यात यवतमाळकडचा एक ब्रदर, हुशार पोरगा, ग्राफ बघून म्हणाला सॉ-टूथ आहे मॅडम, सक्शन करतो. म्हटलं थांब, आधी सर्किट उचलून बघ. ट्यूबिंगच्या झोळात अर्धी वाटी पाणी साठलेलं. ते वॉटर ट्रॅपमध्ये काढलं आणि ग्राफ गुळगुळीत झाला. पेशंटला हातही लावावा लागला नाही. तेव्हापासून तोच बाकीच्यांना सांगतो, आधी पाणी बघा.

आता तुझी खरी अडचण इथेच आहे बहुतेक. तुमच्या चार्टवर "दर २ तासांनी सक्शन" असा रकाना असणार, बरोबर ना? रकाना असला की तो भरला जातो, कारण रिकामा राहिला तर सकाळच्या राउंडला बोलणी बसतात. मग ६ वाजले की बारा बेडवर एका सुरात सक्शन, कफ असो नसो. तू कितीही सुंदर शिकवलंस तरी तो रकाना तुझ्यापेक्षा मोठा शिक्षक आहे. तो बदलून घे. दर दोन तासांनी तपासायचं हे ठीक, त्यापुढे चार गोष्टी: लागलं की नाही लागलं, लागलं तर कशावरून, आधीचं आणि नंतरचं सॅच्युरेशन-हार्ट रेट, आणि काय निघालं, किती, रंग कसला. "तपासलं, गरज नाही" ही पण पूर्ण एन्ट्री आहे असं लेखी घे, इंटेन्सिव्हिस्टची सही घेऊन. नाहीतर पोरं घाबरून पुन्हा घड्याळाकडेच बघणार.

याचा उलटा अर्थ पण काढू देऊ नकोस हां, की गरजेनुसार म्हणजे कधीतरी. तपासणं चुकलं तर ट्यूब आतून सुकत सुकत बंद होते, लहान मुलांच्या बारीक ट्यूबला तर अजिबात वेळ लागत नाही. माझ्या युनिटमध्ये शिफ्टमधून एकदा तरी ट्यूब मोकळी आहे याची खात्री करायचीच असा नियम ठेवलाय.

सीनियर कोणी वाद घातला की आम्ही तर वर्षानुवर्षं दोन तासांनीच करतो, तर अमेरिकेतल्या रेस्पिरेटरी केअरवाल्यांची जी संघटना आहे एएआरसी, त्यांच्या २०१० आणि २०२२ च्या गाइडलाइन समोर ठेव. २०१० मध्ये गरज असेल तरच असं आहे, आणि २०२२ मध्ये मोठ्यांना गरज कशावरून ओळखायची ती लक्षणं दिलीत. मोठ्या माणसाला १५ सेकंदांच्या वर नाही, कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या अर्ध्याहून जास्त नाही, आणि सलाइन रोजच्या सवयीने टाकायचं नाही, हेही दोन्हीत आहे.

आता माझीच एक गोष्ट सांगते, कारण मी ट्रेनिंगमध्ये हीच केस देते आणि चुका मुलांना शोधायला लावते. नोकरीचं दुसरं वर्ष, हॉस्पिटल कुठलं ते सोड, गणपतीचे दिवस, अर्धा स्टाफ गावाला, नाईटला माझ्याकडे तीन व्हेंटिलेटर. न्यूमोनियाचा पेशंट, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेलं प्रेशर) १२, ऑक्सिजन ८० टक्के, ट्यूब ७ नंबरची. ट्रॉलीत १० आणि १२ नंबरची कॅथेटर संपलेली, हिरवी १४ ढिगाने. मी हिरवी घेतली. आधीच ८० टक्के चालू आहे म्हणून १०० केलं नाही. सर्किट काढलं, कॅथेटर अडेपर्यंत आत घातलं, कॅथेटरच्या भोकावर अंगठा दाबून सक्शन चालू केलं आणि कफ येतोय येतोय म्हणून काढतच बसले. मॉनिटरचा टुकटुक आवाज असतो ना, तो हळू पडत गेला तो मला ऐकूच आला नाही, कारण मी अलार्म सायलेन्स करून ठेवलेला. वर पाहिलं तर ३८. केरळची एक सीनियर सिस्टर पलीकडच्या बेडवरून ओरडली, "बाहेर काढ, आधी बाहेर काढ!" तिनेच हाताने दाबायची पीप व्हॉल्व्हवाली बॅग लावली, १०० टक्के ऑक्सिजन, मिनिटाभरात रेट ९० वर आला, पेशंट वाचला. सकाळी मला घणसोलीला उतरायचं होतं, मी थेट ठाण्याला पोचले, कुठली स्टेशनं गेली कळलं नाही.

यातल्या चुका मुलं पटापट सांगतात, आणि प्रत्येक चुकीमागे एक कारण आहे ते मी तिथेच सांगते.

कॅथेटरचा नंबर. ट्यूबचा नंबर (तिचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये) गुणिले ३ भागिले २, उत्तर फ्रेंचमध्ये, म्हणजे कॅथेटरच्या जाडीच्या मापात. आठची ट्यूब, १२ फ्रेंच. सातची ट्यूब, साडेदहा येतं म्हणजे १० घ्यायचं, मधला आकडा आला की खाली यायचं वर नाही. १४ फ्रेंच म्हणजे साधारण ४.७ मिलिमीटर, सातच्या ट्यूबमध्ये दोन तृतीयांश व्यास त्यानेच भरला, मग ओढलेली हवा बाजूने भरून यायला वाटच उरत नाही, फुप्फुसातलीच ओढली जाते. रंग पाठ करून घे: १० काळी, १२ पांढरी, १४ हिरवी. आम्ही प्रत्येक बेडच्या डोक्याशी पट्टी चिकटवतो, "ट्यूब ७.५, लावलेली २२ वर, सक्शन काळी." एवढ्याने निम्मं काम होतं.

ऑक्सिजन. आधीच जास्त चालू असला तरी १०० करायचा, निदान ३० सेकंद ते मिनिटभर. बऱ्याच व्हेंटिलेटरला त्यासाठी बटण असतं, दाबलं की दोन मिनिटं १०० देऊन आपोआप मागे येतं. हे बटण आपल्या मशीनवर कुठे आहे हे सातही जणांना डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. शक्यतो बॅगने नको, बटणाने कर, कारण बॅग लावायला सर्किट काढावं लागतं आणि काढलं की पीप गेलं.

पीप गेलं म्हणजे काय गेलं हे तोंडी सांगून कळत नाही. यासाठी टेस्ट लंग (रबरी नकली फुप्फुस) असेल तर उत्तम, नसेल तर रिकाम्या व्हेंटिलेटरच्या टोकाला ग्लोव्ह रबरबँडने घट्ट बांध, पीप ० ठेवून दाखव, श्वास सोडला की ग्लोव्ह लोळागोळा. मग पीप १० कर, आता श्वास सोडल्यावरही तो फुगलेलाच राहतो, बोटं ताठ. आणि मग न बोलता सर्किट काढ. पाचही बोटं मान टाकतात. एकदा एक मुलगी "अगंबाई" म्हणाली होती. ती आजही हाय पीपच्या पेशंटला सर्किट काढायच्या आधी दहादा विचार करते. कुठल्याही स्लाइडने हे होत नाही.

खोली. अडेपर्यंत घालायचं मग थोडं मागे घ्यायचं असं आपल्या पिढीला शिकवलं गेलं. अडतं ते कराइनाला, म्हणजे श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे, आणि दिवसातून दहा वेळा तिथेच टोचलं की तुझ्या पेशंटच्या कफात येतंय तसं रक्त येतं. म्हणजे रक्ताचं कारण तेवढंच आहे असं नाही, रक्त गोठू न देणारं हेपरिन चालू आहे का, प्लेटलेट किती, तेही बघ आणि डॉक्टरांना सांग, पण आधी आपला हात तपास. नीट पद्धत म्हणजे कॅथेटरचं टोक ट्यूबच्या टोकापर्यंत, फार तर एखादा सेंटिमीटर पुढे. क्लोज्ड सक्शनवर (सर्किट न काढता करायचं, कॅथेटर प्लास्टिकच्या बाहीत असतं) सेंटिमीटरचे आकडे असतील तर सोपं आहे: ईटी ट्यूबवर (तोंडातून श्वासनलिकेत घातलेली) छापलेले आकडे तिच्या आतल्या टोकापासून मोजलेले असतात आणि कॅथेटरवरचेही त्याच्या टोकापासून, त्यामुळे तोंडाबाहेर ट्यूबच्या २४ च्या खुणेखाली कॅथेटरचा २४ दिसला की दोन्ही टोकं जुळली. ओपनला, म्हणजे सर्किट काढून करताना, त्याच नंबरची जास्तीची ट्यूब घेऊन एकदा कॅथेटर मोजून घ्यायचं, मात्र पेशंटची ट्यूब वरून कापलेली असेल तर तेवढं वजा कर. ट्रेकीची (गळ्याला छेद देऊन बसवलेली) ट्यूब आखूड, तिथे ईटीच्या सवयीने हात चालवला की थेट कराइनावर. यावर नवीन लोक हमखास चुकतात.

वेळ. "श्वास रोखून सक्शन करा, तुम्हाला गुदमरलं की पेशंटलाही गुदमरलं" हे सगळीकडे शिकवतात, मला ते फारसं पटत नाही. तेवीस वर्षांचा पोरगा येऊरचा डोंगर चढून येतो, तो आरामात पाऊण मिनिट श्वास धरेल, तेवढा वेळ पेशंटकडे आहे का? त्यापेक्षा मोठ्याने मोजायला लाव, एक-दोन-तीन, दहाला कॅथेटर बाहेर. आत घालण्यापासून बाहेर काढेपर्यंत मोजायचं, नुसता अंगठा दाबलेला वेळ नाही. मोबाइलवर सेकंद लावून दाखव, ज्याला आपले दहा सेकंद वाटतात ते वीस-पंचवीस भरतात, स्वतःचा आकडा बघून चेहरे उतरतात. आत जाताना सक्शन बंद, फक्त बाहेर येताना. दुसऱ्या खेपेच्या आधी पेशंटला सावरू दे.

प्रेशर. भिंतीवरच्या गेजचा नॉब पूर्ण उघडा असतो, मागच्या कोणीतरी उलटी ओढायला उघडलेला. ट्यूबिंगचं तोंड अंगठ्याने बंद करून मग गेज वाचायचं, उघड्या तोंडाने वाचलेला आकडा खोटा. मोठ्यांना मी १२० ते १५० एमएमएचजीवर ठेवते, २०२२ च्या गाइडलाइनमध्ये मोठ्यांसाठी २०० च्या आत आणि लहान मुलांसाठी, नवजात बाळांसाठी १२० च्या आत दिलंय. गेज किलोपास्कलवालं असेल तर १२० म्हणजे १६, हे गेजवरच मार्करने लिहून टाक.

आता सलाइन. ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला. कफ घट्ट आहे म्हणून ५ एमएल एनएस टाकला, बॅग केली, ओढलं, आणि "बघा मॅडम किती निघालं." अगं निघालं त्यात तू टाकलेलं पण आहे ना! आणि टाकलेलं सगळं परत येतच नाही, पेशंट खोकून लालबुंद होतो, सॅच्युरेशन पडतं. एका बॅचला मी टेबलावर दाखवलं, इसबगोल भिजवून घट्ट केलं, एका वाटीत सलाइन ओतलं आणि हलकेच हलवलं. पाणी बाजूला, गोळा बाजूला. खरा कफ काही इसबगोल नाही, पण डोक्यात राहतं. कफ घट्ट का झाला हे विचारायला शिकव: एचएमई फिल्टर (श्वासातला ओलावा धरून परत देणारा) कफाने भरलाय का, कधी बदलला, हीटेड ह्युमिडिफायर लावायला हवा का, त्यातलं पाणी संपून नुसती कोरडी प्लेट तापतेय का (हे मी दोनदा पाहिलंय), पेशंट कोरडा पडलाय का, नेब्युलायझेशन लिहिलंय का. बाहेर ठाण्यात कितीही घाम येवो, आयसीयूत ट्यूबमधून जाणारा गॅस कोरडाच असतो. एखाद्याला खरंच सलाइन लागतं, नाही असं नाही, पण ते डॉक्टरांशी बोलून, खिशात सिरिंज भरून ठेवून नाही.

क्लोज्ड सक्शनबद्दल थोडंच. हाय पीप, जास्त ऑक्सिजन, टीबी किंवा फ्लूचा संशय असेल तर क्लोज्डच. एरवी नीट केलं तर दोन्ही चालतात, ओपनला स्टराइल ग्लोव्ह आणि दर वेळी नवीन कॅथेटर, मास्क-गॉगल दोन्हीला. क्लोज्डमधली नेहमीची चूक म्हणजे कॅथेटर पूर्ण मागे न घेणं, अर्धं आतच राहतं आणि मग व्हेंटिलेटर रात्रभर हाय प्रेशर ओरडतो. बाहीतली खूण दिसेपर्यंत मागे, पोर्टमधून धुवायचं, व्हॉल्व्ह लॉक. दुसऱ्या हाताने ईटी धरूनच ठेवायची. आणि तोंडात घातलेलं कॅथेटर ईटीत कधीच नाही, आधी ट्यूब मग तोंड, मग ग्लोव्हमध्ये गुंडाळून लाल पिशवीत.

कॅथेटर आत जातच नसेल तर जोर लावायचा नाही हे वेगळं शिकव. पेशंट ट्यूब चावतोय का, ट्यूब वाकलीय का, ट्रेकी असेल तर आतली कॅन्युला काढून बघ. तेही नाही आणि छाती हलत नाही तर हाक मार, व्हेंटिलेटर काढून बॅगने बघ हवा जाते का, आणि डोप आठव: डी ट्यूब सरकली, ओ बंद झाली, पी न्यूमोथोरॅक्स, ई मशीनचाच प्रॉब्लेम. सक्शन चालू असताना हार्ट रेट पडला, ठोके वेडेवाकडे झाले, सॅच्युरेशन घसरत गेलं तर एकच गोष्ट, कॅथेटर बाहेर. कफ अर्धा राहिला तरी राहू दे. हेड इंज्युरीच्या पेशंटला सक्शन, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं असं एका दमात उरकू नका, आयसीपी, म्हणजे कवटीच्या आतला दाब, चढतो, मध्ये श्वास घेऊ द्या त्याला.

अजून एक, जे चेकलिस्टवर कधी नसतं. जागा असलेला पेशंट. आमच्याकडे केरळची एक मुलगी आली, मराठीचा गंध नाही, हिंदीही जेमतेम. दिवाळे गावच्या एका कोळी आजोबांना ट्रेकी होती, कॅथेटर दिसलं की हात धरायचे, मग हात बांधायची वेळ यायची. तिने एक वाक्य पाठ केलं, "आजोबा, नळीतला कफ काढते, खोकला येईल, दहा मोजा." उच्चार ऐकून आजोबांना हसू यायचं, आणि मग ते खरंच बोटांवर दहा मोजायचे. हात बांधायचं बंद झालं. तुझ्या सातही जणांना हे वाक्य मराठीत आणि हिंदीत यायला हवं.

सह्यांचं विचारलंस. मी एकाची पाच सक्शन स्वतः उभी राहून बघते, त्यातली निदान दोन नाईटला, कारण दिवसा सगळेच शहाणे असतात. आणि सही करायच्या आधी एक वेळ अशी हवी की त्याने पेशंट बघून "आत्ता नको" म्हटलं आणि कारण बरोबर दिलं. पाचही वेळा सक्शन केलंच असेल तर सही नाही, अजून एक शिफ्ट माझ्याबरोबर.

आणि आज घरी जायच्या आधी ट्रॉलीचा तो खण उघडून बघ. हिरव्याच जास्त असतील तर काळ्या आणि पांढऱ्यांचा इंडेंट (स्टोअरकडे मागणी) आजच टाक, शनिवारी दुपारनंतर स्टोअरवाले दादा फोन उचलत नाहीत.